फितूर फीत

"एकोणचाळीस," कटिंग मास्तरांनी फितीवरचा आकडा वाचला आणि कारखान्याच्या माडीवर टाळ्यांचा कडकडाट झाला. हात वर करून मध्यभागी उभी असलेली बाई म्हणजे माझी वहिनी. पहिल्या शनिवारी तिची कंबर बेचाळीस भरली होती. आता तीन इंच गायब. तिनं हात खाली घेतले, पाहुणीकडे बघावं तसं स्वतःच्या कमरेकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले.

पॅकिंगच्या टेबलावर तीन उशा रचून भारहारी बाबा बसले होते. टाळ्या थांबेपर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले. मग नेहमीचं सुरू झालं.

"काटा म्हणजे काय? नावातच आलं. काटा टोचतो. तुम्ही बिचारे त्याच्यावर उभे राहता आणि तो तुमचा अपमान करतो. फीत टोचत नाही, फीत मिठी मारते. आणि मिठीत शरीर विरघळतं."

माना डोलल्या. बाबांचं स्वतःचं पोट चांगलं घसघशीत होतं, बसल्यावर ते मांडीवर वेगळं ठेवल्यासारखं दिसायचं. एकदा कुणीतरी धीर करून त्याबद्दल विचारलंच. बाबा हसले आणि म्हणाले, एवढ्या लोकांचा भार उतरतो, तो कुणीतरी घ्यायला नको का? हे ऐकून शिलाई विभागातल्या दोघीजणी रडल्या. मलाही रडू येत होतं, पण वेगळ्या कारणानं.

आमचा कारखाना तयार कपड्यांचा. खाली शिलाईची यंत्रं, शेजारी कापणीची टेबलं, वर ही माडी. मी यंत्रं दुरुस्त करतो, वहिनी कॉलर लावते. दिवसभर बसून काम, त्यात चहा आणि चहाबरोबर बिस्किटं, त्यामुळे आमच्याकडे बाबांना गिऱ्हाइकांचा तुटवडा नव्हता. बाबांचा उपायही किती सोपा. त्यांच्या हातून एक सुती फीत घ्यायची. रोज रात्री ती मिठाच्या पाण्यात भिजवायची, खिळ्याला टांगायची आणि खालच्या टोकाला खड्यांची पिशवी बांधायची. जितकं शरीर जड तितके खडे जास्त. रात्रभर फीत तुमचा भार वाहते, सकाळी तुम्ही हलके. शनिवारी आपापली फीत घेऊन यायचं, कारण दुसऱ्याची फीत दुसऱ्याचाच भार ओळखते. चालणं नको, पथ्य नको. पथ्य म्हणजे अविश्वास, असं बाबांचं म्हणणं.

आणि खरोखरच आकडे उतरत होते. सगळ्यांचे. सगळ्यात जाड माणसाचे सगळ्यात जास्त.

आता वहिनी काही भोळीभाबडी बाई नाही. घरातला वाणसामानाचा हिशेब तिच्याकडे असतो आणि दादाची तिच्यापुढे बोलायची छाती होत नाही. पण तिला मधुमेह निघाला, डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि वजन उतरवा म्हणून निक्षून सांगितलं. वहिनीनं कंबर कसली. पहाटे उठून नदीकाठच्या रस्त्यानं चालायला लागली, ताटातलं निम्मं कमी केलं, बिस्किटांचा डबा माझ्या खोलीत हलवला. वजन उतरायला लागलं. तिचा चेहराच बदलला. जिना चढताना ती मला चिडवायची, "भाऊजी, या की, की उचलून नेऊ?"

मग एका पहाटे ओल्या पायरीवर तिचा पाय मुरगळला. घोटा सुजून टम्म. बरेच दिवस बसून काढावे लागले आणि बसल्या माणसाला भूक जरा जास्तच लागते. पाय बरा झाल्यावर ती काट्यावर उभी राहिली, तर उतरलेलं सगळं वजन परत हजर.  चालायचे बूट पलंगाखाली गेले आणि बिस्किटांचा डबा स्वयंपाकघरात परत आला. त्याच महिन्यात माडीवर बाबा अवतरले.

मी बाबांची लबाडी शोधायला जंग जंग पछाडलं. आधी वाटलं, मास्तर आकडा चुकीचा वाचत असतील. पण आमचे कटिंग मास्तर खोटं बोलणाऱ्यातले नाहीत. मग वाटलं, फीत आवळत असतील. पण फीत वहिनी स्वतः धरायची आणि खाली बोट सरकेल इतकी सैल ठेवायची. फितीला हात लावायला बाबा उशांवरून उठतसुद्धा नसत. माझी अक्कल तिथेच संपली.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. कंबर तीन इंच उतरली म्हणतात, मग वहिनीच्या स्कर्टचं बटण का लागत नव्हतं? मी विचारलं तर तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "कापड आटलं असेल," ती म्हणाली. गंमत म्हणजे माडीवरच्या प्रत्येकाचे कपडे आटले होते. दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसांना शंका आली असती. पण आम्ही कपडेवाले. कापड आटतं यावर आमची जितकी श्रद्धा आहे तितकी सूर्य उगवण्यावरही नसेल. दर तागा कापण्याआधी आटवून घेतात आमच्याकडे. कपडा बिघडला तर चूक कापणाऱ्याची, शिवणाऱ्याची, गिऱ्हाइकाच्या पोटाची, फितीची कधीच नाही.

त्या शनिवारी आकडे वाचून झाल्यावर बाबांनी जाहीर केलं की, आता शेवटची पायरी. पुढच्या शनिवारी सगळ्यांनी आपली औषधं घेऊन यायची आणि इथल्या बादलीत टाकायची. "फीत आणि गोळी, दोन्हीवर हात ठेवाल तर दोन्ही रुसतील," ते म्हणाले.

 घरी येताना मी वहिनीला म्हणालो, "वहिनी, बाकी काय ते कर, पण गोळ्या टाकू नकोस. एकदा काट्यावर तरी उभी राहा."

ती चालता चालता थांबली. "भाऊजी, तुम्हाला सांगू? मी कित्येक महिने पहाटे उठले. अर्धपोटी राहिले. एक पाय मुरगळला आणि सगळं पाण्यात गेलं. परत तोच काटा, परत तोच आकडा. इथं आठवड्यातून एकदा माणसं माझ्यासाठी टाळ्या वाजवतात. तेवढं तरी राहू द्या की मला."

 यंत्राचा पट्टा तुटला तर मी बदलू शकतो, पण तुटलेल्या मनाला पाना लावता येत नाही. दादाशी बोललो, तर त्यानं 'तूच समजाव' म्हणून हात झटकले.

तो आठवडा असाच गेला. शुक्रवारी संध्याकाळी वहिनी गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरत होती, तेवढ्यात पुतणी रडत स्वयंपाकघरात आली. तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी टिकत नाही. शाळेत तिला उंच मुलींच्या रांगेत घेतलं होतं, म्हणून आपण किती वाढलो ते पाहायला तिनं खिळ्यावरची आईची फीत काढली होती आणि दाराच्या चौकटीला टेकून उंची मोजली होती.

"आई," ती हुंदके देत म्हणाली, "मी आटले."

वहिनी हसली. मीही हसलो. शाळेत उंची पन्नास इंच भरली होती, ती फितीवर साडेपंचेचाळीस झाली होती. वहिनीनं तिला जवळ घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "वेडाबाई, माणूस कधी आटतं का? आटतं ते काप—"

तिनं भिंगरीच्या हातातली फीत ओढून घेतली. हातातल्या फितीकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "भाऊजी, ही फीतपण कापडाचीच की."

मी पोलादी मोजपट्टी आणली आणि आम्ही दोघं जमिनीवर बसलो. पट्टी आणि फीत शेजारी शेजारी ठेवली. फितीवरचा साठचा आकडा पट्टीच्या सहासष्टवर जाऊन बसला होता. रोज रात्री ओली फीत, खाली खडे. दुसरं काय होणार? ती ताणली जात होती. फीत लांबली की तिच्यावरचा एकेक इंच लांबतो, आणि इंच लांबले की तीच कंबर कमी इंचांत मावते. जाड माणसाला जास्त खडे, म्हणून त्याची फीत जास्त लांब, म्हणून त्याच्यावर कृपाही जास्त. बाबांना उठायची गरजच नव्हती. आमची फसवणूक आम्हीच रोज रात्री खिळ्याला टांगत होतो.

वहिनीनं पोलादी पट्टी हातात घेतली आणि कमरेभोवती दोरा गुंडाळून मोजला. त्रेचाळीस. सुरुवातीला होती त्याहून एक जास्त. तिचा चेहरा पडला. मला वाटलं आता ही रडणार, पण तिनं फक्त पिशवीतली पाकिटं बाहेर काढून फडताळात ठेवली.

शनिवारी माडी खचाखच भरली होती आणि बादली मधोमध ठेवलेली. वहिनीचा नंबर आला, पण तिनं हात वर केले नाहीत. ती बाबांच्या टेबलाशी गेली, गठ्ठ्यातली एक कोरी फीत उचलली आणि आपली फीत तिच्याबरोबर एकाच खिळ्याला टांगली. तिची फीत कोऱ्या फितीपेक्षा चांगली सहा इंच खाली लोंबत होती.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"तुमचा भार फितीनं घेतला, तो दिसतोय," बाबा झटकन म्हणाले. उत्तर तयार असण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

"बरं," वहिनी म्हणाली. "मग जरा उभे राहा, बाबा."

इतक्या लोकांपुढे नाही कसं म्हणणार? बाबा उशांवरून उठले. मास्तरांनी आधी कोऱ्या फितीनं त्यांचं पोट मोजलं. पन्नास भरलं. मग वहिनीच्या फितीनं मोजलं. पंचेचाळीस आणि वर थोडं. त्यांनी पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "एका मिनिटात पाच इंच. बाबा, तुमचा भार कुणी घेतला?"

आधी एकजण हसला, मग सगळी माडी. ज्यानं त्यानं आपली फीत खिळ्याला लावून पाहिली. एकही फीत दुसरीशी जुळेना आणि सगळ्यात लांब निघाली ती गोदामवाल्या आडदांड गड्याची, जो सगळ्यात जास्त खडे बांधायचा. हसण्याच्या गडबडीत बाबा मागच्या जिन्यानं उतरले. एवढा भार वाहणारा माणूस जिना फार चपळाईनं उतरला, हे मी कबूल करतो. बादली रिकामी राहिली.

पण मला काळजी बाबांची नव्हती. लबाडी उघडी पडली, तरी वहिनीचं मन जिथे बसलं होतं तिथून उठेल का, हा खरा प्रश्न होता. रविवारी मी तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. ती काट्यावर उभी राहिली. वजन सुरुवातीपेक्षाही जास्त होतं. डॉक्टरीणबाईंनी ना बोल लावला, ना भाषण दिलं. एवढंच म्हणाल्या की, पाय मुरगळून वाढलेलं वजन म्हणजे नापास होणं नव्हे, तसं सगळ्यांचंच होतं. पहिल्यांदा उतरलं तसं पुन्हा उतरेल, फक्त सुरुवात हळू करा.

वहिनी काट्यावरून उतरली नाही. खाली वाकून आकडा बघत राहिली. 

"वाईट वाटतंय का?" मी विचारलं.

"वाटतंय की," ती म्हणाली. "पण एकोणचाळीसवरून मी खाली कशी उतरणार होते, भाऊजी? तिथं मी कधी पोचलेच नव्हते. हा आकडा वाईट आहे, पण माझा आहे. इथून पाऊल टाकता येतं."

सोमवारी पहाटे शेजारच्या खोलीत पलंगाखाली खुडबुड झाली. मी उठून बाहेर आलो तेव्हा वहिनी बूट घालून दारात उभी होती. नदीपर्यंत नाही, कोपऱ्यापर्यंतच जाऊन आली, घामाघूम. पुढच्या आठवड्यात मास्तर तिच्याबरोबर जायला लागले, मग शिलाईतल्या त्या रडणाऱ्या दोघी. कुणी दोन दिवस बुडवतं, कुणी लग्नात जेवून येतं, आकडा वर जातो, सगळे मिळून शिव्या घालतात आणि दुसऱ्या दिवशी परत निघतात.

तर वाचकहो, तुमच्याही गावात कुणी आकडे घटवणारा येईल. त्याच्या पाया पडायला माझी हरकत नाही, फक्त पडण्याआधी त्याची फीत एकदा मोजून बघा. मोजायला लाजू नका. आणि मोजल्यावर आकडा मनासारखा आला नाही, तर फीत ताणू नका, बूट घाला.