मावळतीचा सीन

मद्रासला समुद्र नाही असं नाही. पण तिथे सूर्य समुद्रातून वर येतो, समुद्रात बुडत नाही, आणि आमच्या डायरेक्टर राघवय्याला बुडता सूर्यच पाहिजे होता. म्हणून एकसष्ट साली तो सगळं बिऱ्हाड घेऊन आला तो थेट माझ्या गावाला, डहाणूजवळच्या वाढवणला. तिथेच मेल्याचं चुकलं.

मी जमुना. माझा मोरूमामा मद्रासच्या एका स्टुडिओत आचारी होता. त्याच्याकडे राहायला गेले आणि सहाव्या वर्षी माझ्या तोंडाला रंग लागला. कधी बाळदेव झाले, कधी राजाचा हरवलेला मुलगा. मुलगी म्हणून क्वचितच. तेलुगू, तमिळ घोकून म्हणायची. एक अक्षर कळत नसे, पण ओठ बरोबर हलायचे. आवाज मागून दुसरीच कुणी भरायची. काम मला आवडायचं, खोटं का बोलू? फक्त रडायला जमत नव्हतं. ग्लिसरीन घातलं की पापण्या सुजायच्या. मग स्टुडिओवाल्यांनी चिमटे काढून बघितले, उपाशी ठेवून बघितलं. मी ढिम्म.

आता मला अकरावं लागलं होतं. हा सीन रडून दिलास तर पुढचं पिक्चर, नाहीतर घरी बस, असं मामाने बजावलं होतं. सीन काय, तर बाप समुद्रात बुडालेला, पोर किनाऱ्यावर रडतेय आणि मागे सूर्य मावळतोय.

माझा खरा बापूस, देवजी, त्या दिवशी पहाटेच होडी घेऊन गेला होता. दुपार कलल्यावर राघवय्याने मामाला बाजूला घेतलं. मामा परत आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "जमने, तुझ्या बापसाची होडी उलटली."

साफ खोटं. पण ते मला कुठे ठाऊक?

शहरातल्या पोरीने हंबरडा फोडला असता. आमच्या आळीत तसं नाही. दर्यावरून वाईट बातमी आली की रडायचं नाही. माणूस येवो नाहीतर प्रेत लागो, तोवर डोळ्यातून टिपूस काढायचं नाही. खाऱ्यात खारं मिळालं की दर्या माणूस परत देत नाही, असं आय सांगायची. मी दात आवळले आणि घराकडे पळाले.

आय बोंबील वाळत घालत होती. माझं ऐकलं आणि हातातले बोंबील तिने खाली ठेवले. बघता बघता आळीतल्या चुली विझल्या. सगळ्या बाया किनाऱ्यावर येऊन पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. शेजारचा नारूकाका गडी घेऊन शोधायला गेला.

आता राघवय्याची पाचावर धारण बसली. खोटं होतं म्हणून सांग, असं तो मामाच्या मागे लागला. मामाने सांगितलं. मघाशी एक बोललास, आता दुसरं बोलतोस, तुझं कुठलं धरू, असं मी त्याला विचारलं. आय तर त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही. मी खाऱ्या पाण्याने तोंडाचा रंग धुऊन टाकला आणि तिच्या शेजारी उभी राहिले. मनात नुसती आग. बापूस गेला असेल तर या माणसाला माझं रडणं मिळणार नाही, आणि नसेल गेला तर मुळीच नाही.

ऊन उतरलं तेव्हा नारूकाकाची होडी दिसली आणि तिच्यामागे बापसाची. त्याला वाटेतच सगळं कळलं होतं. होडी किनाऱ्याला लागायच्या आधीच त्याने पाण्यात उडी टाकली आणि माझं नाव घेत आला. मी धावले, त्याच्या ओल्या पोटाला मिठी मारली, आणि एवढ्या वर्षांचं साचलेलं एकदम फुटलं. अशी रडले की श्वास अडकला.

नेमका तेव्हाच सूर्य पाण्याला टेकला होता. राघवय्या ओरडत कॅमेऱ्याकडे पळाला.

आयने पदर खोचला. ती आमच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली. तिच्या शेजारी चंद्रावतीकाकी, मग बाकीच्या बाया, खांद्याला खांदा लावून. राघवय्या हात जोडत होता, बाजूला व्हा म्हणत होता.

"बोंबील घे, घोळ घे, बाजारात ये, भाव सांगते," आय म्हणाली. "पोरीचं रडणं विकायला काढलेलं नाही."

मामाने ते त्याला तेलुगूत सांगितलं की नाही, देव जाणे. तोवर सूर्य बुडाला.

राघवय्या लालबुंद झाला. उद्या हाच सीन दे, नाहीतर मद्रासला तुला कुणी दारात उभं करणार नाही, असं त्याने मामाकडून कळवलं. मी घरात गेले, अंगातला सिनेमाचा झगा उतरवला आणि तसाच ओला आणून मामाच्या हातात ठेवला.

"त्याला सांग," मी म्हटलं, "माझा बापूस जिवंत आहे. आता मी कशाला रडू?"