पाहुण्यांची खुर्ची आणि सिग्ने

सोमवार, दिनांक १६ जून २०२५ रोजी सकाळी साडेदहा वाजता, करवीर तालुक्यात गडमुडशिंगीच्या पलीकडे असलेल्या एका वाडीच्या प्राथमिक शाळेत, मला मुख्याध्यापकांच्या खोलीतून उचलून दुसरीच्या वर्गात नेण्यात आले. माझ्या हातून घडलेल्या अपराधाचा आरंभ तेथे आहे, म्हणून वेळ आणि स्थळ आधीच सांगून ठेवते.

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. कसबा बावड्याच्या गुंडू सुतारांनी एका मोडलेल्या दरवाजाच्या लाकडातून मला घडवले. माझे हात त्यांनी काचकागदाने घासले, आणि मग स्वतःचा तळवा फिरवून पाहिला. बैठक वेताची विणली. मला त्यांनी मुद्दाम उंच केले, कारण माझ्यावर बसणारा इतरांहून वर दिसावा अशी शाळेची मागणी होती. काम संपल्यावर ते म्हणाले, "हिच्यावर बसलेला मानूस लवकर उठायचा न्हाय बघा." ती स्तुती होती. पुढे तेच वाक्य मला किती बोचणार आहे, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हते.

आमच्या शाळेत मुले बसकरपट्टीवर बसतात, शिक्षक उभे राहतात आणि पाहुणे माझ्यावर बसतात. या मुलखात पाहुण्याचा मान अर्धामुर्धा होत नाही. फेटा, शाल, नारळ, आणि नको म्हटले तरी दुसऱ्यांदा चहा. तीस वर्षांत माझ्यावर तपासणी अधिकारी बसले, सरपंच बसले, एकदा पदक मिळवून आलेला वाडीचा पैलवानही बसला. माझ्या उजव्या हाताखाली एक खिळा सैल होऊन बाहेर आला होता, पण मोठ्या माणसांच्या कपड्यांना तो कधी लागला नाही. त्यामुळे त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. मीही पाहिले नाही. मी मानात गुंग होते.

त्या सोमवारी नॉर्वेहून आलेले तोमास आणि इंग्रिड हे जोडपे आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन शाळेत आले. ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवणे हे त्या दोघांचे काम. ते काम दोन वर्षे विनावेतन करण्यासाठी कोल्हापुरातील एका संस्थेने त्यांना बोलावले होते. त्यांच्याकडे शिकणारी तीन मुले वाडीतलीच होती, आणि ज्यांच्यात काम करायचे त्यांच्या शेजारीच राहायचे असा त्या दोघांचा आग्रह होता. म्हणून मुलीचे नावही वाडीच्याच शाळेत घातले. तिचे नाव सिग्ने. वाडीने दुपारपर्यंत तिची 'शिगनी' केली.

मुख्याध्यापक अमरसिंह सरांनी स्वतःच्या हाताने तिला छोटा भगवा फेटा बांधला, नारळ दिला आणि माझ्यावर बसवले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. मला वाटले, इतका गोड पाहुणा माझ्या वाट्याला आजवर आला नाही.

पहिल्या दिवसाबद्दल मला लाज वाटत नाही. लाज दुसऱ्या दिवसापासूनची आहे.

दुसऱ्या दिवशी मी वर्गातच राहिले होते. सिग्ने आली, मुलांकडे पाहून हसली आणि राजनंदिनी नावाच्या मुलीशेजारी पट्टीवर बसू लागली. लगेच मागच्या रांगेतला आदर्श उभा राहिला.

"बाई, पावणी खाली बसाय लागलीया!"

वर्गशिक्षिका अनुजाबाई ओशाळल्या. त्यांनी सिग्नेचा हात धरून तिला माझ्यापर्यंत आणले. तिसऱ्या दिवशी ती आपणहून माझ्याकडे आली. चौथ्या दिवशी हसली नाही.

त्यानंतर तिचा दिनक्रम ठरून गेला. अभ्यास केला नाही तरी तिला कोणी रागावत नसे. तिची पेन्सिल कोणी पळवत नसे. मधल्या सुट्टीत "पावणीची खुर्ची उचला रं" अशी हाक होई आणि दोन मुले मला ओसरीवर नेऊन ठेवत. सगळी मुले खाली पंगतीत मटकीची उसळ खात. सिग्ने माझ्यावर बसून बिनतिखटाचा दूधभात खाई. जेवण झाल्यावर प्रत्येक मूल नळावर जाऊन आपले ताट धुई. तिचे ताट मात्र दुसरे कोणी धुई. नळावरच्या सांडासांडीत जी मैत्री होते, ती खुर्चीपर्यंत येत नाही. हे मी रोज पाहत होते आणि स्वतःला पटवत होते की, हा मान आहे.

ऑगस्टमध्ये एका दुपारी राजनंदिनी अंगणात चौकोन आखून जिबली खेळत होती. तिने बाईंची नजर चुकवून हात हलवला.

"शिगने, ये की. एक गडी कमी पडतोय."

सिग्ने झटकन माझ्यावरून खाली उतरू लागली आणि माझ्या सैल खिळ्यात तिचा फ्रॉक अडकला. ती ओढत होती. मी सोडत नव्हते. अखेर टर्रकन कापड फाटले.

दुसऱ्या कोणाचा फ्रॉक असा फाटला असता, तर वर्ग खो खो हसला असता आणि फाटलेला फ्रॉक धरून ते मूल खेळायला पळाले असते. येथे कोणी हसले नाही. पाहुणीचा फ्रॉक फाटला म्हणून सगळे घाबरले. "तिला हाक मारायला तुला कोणी सांगितलं होतं?" असे म्हणून बाई राजनंदिनीला सर्वांदेखत रागे भरल्या. राजनंदिनी मान खाली घालून उभी राहिली. खिळा माझा, बोलणी तिला; खिळ्याकडे तेव्हाही कोणी पाहिले नाही. त्या दिवसानंतर सिग्नेला कोणीही हाक मारली नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस सिग्ने सकाळी पोट दुखते म्हणून सांगू लागली. एके दिवशी मधल्या सुट्टीत इंग्रिड शाळेत आल्या. त्यांचे मराठी तुटके होते, पण स्वच्छ होते.

"सिग्ने म्हणते, शाळा चांगली, बाई चांगली. पण मला कोणी नाही," त्या म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत बघू. नाही तर आम्ही तिघं परत जातो."

अमरसिंह सरांचा चेहरा उतरला. हे तिघे गेले तर वाडीच्या त्या तीन मुलांना कोण शिकवणार, हे त्यांना कळत होते. त्यांतल्या एकीने तर नुकतीच 'आई' अशी हाक मारली होती.

"मॅडम, काय कमी पडलं ते सांगा," सर काकुळतीने म्हणाले. "खुर्चीवर गादी घालतो. पाय लोंबकळतात पोरीचे, तर सुताराकडनं पाय ठेवायला पाटही करून घेतो."

पंगतीत वाढणाऱ्या तानाबाई वाढता वाढता थांबल्या. गेली बारा वर्षे मुलांचे जेवण त्याच रांधत होत्या.

"आता छत्री तेवढी धरा तिच्यावर," त्या म्हणाल्या.

"तानाबाई, चेष्टा नको. परक्या मुलखातली मुलगी आहे."

"म्हनूनच सांगतोय न्हवं, सर. पावण्याला मान दोन दिस. तिसऱ्या दिवशी त्येला कामाला लावायचं, म्हंजे त्यो घरचा हुतोय. तुम्ही साडेतीन म्हैनं पोरगीला देव्हाऱ्यात बसवलासा. देवाशी कोन जिबली खेळतंय व्हय?"

तानाबाईंनी पळी पातेल्यात ठेवली, पदराला हात पुसले आणि सिग्नेला काखेत धरून माझ्यावरून खाली उतरवले. फ्रॉक खिळ्याला लागणार नाही याची त्यांनी काळजी घेतली. तो खिळा पाहणाऱ्या त्या पहिल्याच.

"सरक की रं आदर्श. रेडा बसल्यागत काय बसलायस?"

आदर्श सरकला. सिग्ने त्याच्या आणि राजनंदिनीच्या मध्ये बसली. तिच्या ताटात सर्वांचीच उसळ पडली. पहिल्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी आले. इंग्रिड पुढे झाल्या, पण तानाबाईंनी हातानेच त्यांना थांबवले. राजनंदिनीने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पी. पैल्यांदा असंच हुतंय."

आदर्श फिसकन हसला. मग सगळी पंगत हसली. नाक पुसत सिग्नेही हसली. नंतर ती आपले ताट घेऊन नळावर गेली आणि परत आली तेव्हा कोपरापर्यंत भिजलेली होती. ओसरीवर मी रिकामी उभी होते.

तिघे गेले नाहीत. दिवाळीनंतर इंग्रिड पुन्हा शाळेत आल्या, त्या तक्रार ऐकायला. खोडरबरावरून सिग्नेने आदर्शच्या बोटाला चावा घेतला होता. अनुजाबाईंनी दोघांनाही समोर उभे करून खडसावले. आपल्या मुलीला बोलणी बसताना पाहून एखाद्या आईला इतके समाधान झालेले मी कधी पाहिले नव्हते. सकाळी वर्गात शिरताना "बाई, मी आलो" असे सिग्ने वाडीच्या इतर मुलींसारखेच म्हणू लागली होती.

कोणी म्हणेल, यात खुर्चीचा काय दोष? बसवणारे दुसरे, खिळा सैल राहू देणारे दुसरे. या युक्तिवादाचा मी पुष्कळ विचार केला आहे आणि तो मला मान्य नाही. सिग्ने रोज माझ्यावर बसत होती. तिच्या पायांचे अधांतरी हलणे माझ्याइतके जवळून कोणी पाहिले नव्हते. तरीही ती उतरू नये असे मला वाटत होते, कारण तिच्यामुळे मी रोज वर्गात होते. रोज माझी धूळ पुसली जात होती. तिच्या एकटेपणावर माझा मान उभा होता. हे ठाऊक असून जो गप्प राहतो, त्याने आपण निर्जीव असल्याची सबब सांगू नये.

म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. घरातल्या जुन्या वस्तूंचे सैल खिळे वेळेवर ठोका. आणि तुमच्या वर्गात कोणी दूरदेशाहून आले, तर पहिल्या दिवशी त्याला अवश्य फेटा बांधा, पण दुसऱ्या दिवशी पट्टीवर सरकून जागा द्या.

आता मी पुन्हा मुख्याध्यापकांच्या खोलीत असते. गेल्या जानेवारीत तपासणीसाठी एक अधिकारी आले, तेव्हा मला वर्गात आणले होते. अधिकारी भले होते. जाताना त्यांना सिग्ने दिसली. ते उठले, माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "ये बाळ, तू आमची पाहुणी. या खुर्चीत बस, तुझा फोटो काढू."

अमरसिंह सर मध्ये काही बोलणार होते, पण थांबले. सिग्नेने माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते. ती राजनंदिनीला आणखी चिकटली आणि साध्या आवाजात म्हणाली,

"त्या खुर्चीत न्हाय बसत मी. तिथं एकटंच बसाय लागतंय."