ओटल्यावरचे अंगठे

आमच्या डहाणूच्या घराच्या दारापुढचा ओटला राखेचा आहे म्हटलं, की लोक आधी माझ्याकडे आणि मग ओटल्याकडे दयेनं बघतात.

शहाण्णव साल. माझं लग्न पंधरवड्यावर आलेलं. हळद आपल्याच दारात, नव्या ओटल्यावर व्हायची, हा आईचा हट्ट. बाबा रेल्वेत बुकिंग क्लार्क. सिमेंटमध्ये गावच्या थर्मल वीजकेंद्राची थोडी राख घातली तर चालते, असं त्यांना त्या केंद्रातल्याच एका ओळखीच्या साहेबांनी सांगितलं. राख पडली फुकट, त्यामुळे थोडीवर बाबांचं भागेना. अर्धं सिमेंट, अर्धी राख.

तलासरीचा हाल्या मिस्त्री घमेल्यात बोट फिरवून म्हणाला, "भाऊ, ही तर पावडर. आमची पोरगी लाडकी तोंडाला लावंल."

विपुलमामाचं चारोटीला सिमेंटचं दुकान. त्याला हा घरचाच अपमान वाटला. "भाऊजी, राख माणूस गेल्यावर आणतात. तुम्ही तर लग्नाला आणली."

त्यात थंडीचे दिवस. ओटला काही घट्ट होईना. बाबा सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे आणि गल्लीतला येणाराजाणारा वाकून अंगठा दाबायचा. "कच्चा आहे हो," असं सांगून पुढे जायचा. दूधवाल्यानं दाबला, पोस्टमननं दाबला, मुहूर्त सांगायला आलेल्या गुरुजींनीही दाबला. शेवटी बाबांनी पाटी लावली : 'अंगठा लावू नये.' मग जे सरळ जायचे तेही पाटी वाचायला थांबू लागले, आणि थांबलेच आहेत तर दाबू लागले. मामानं तर पाची बोटं रोवली.

"ताई, हळद माझ्या अंगणात करू," तो म्हणाला.

आईनं बाबांकडे बघितलं. "पाहुणे या चिखलात बसवू की तुमच्या मांडीवर?"

बाबा बादली भरायला गेले.

हळदीच्या आदल्या दिवशी मामा टेम्पो घेऊनच आला, सामान चारोटीला न्यायला. तोवर ओटला नुसता बघायचा, त्यावर पाय द्यायचा नाही, असा बाबांचा हुकूम होता. मामा मागच्या दारानं आत येऊन उंबऱ्यावर चढला. "बघ ताई, गुडघ्यापर्यंत आत जातो की नाही." आणि त्यानं उडी मारली.

ठक्क असा आवाज आला. मामा खालीच बसला. बाबा धावत आले, वाकून त्यांनी ओटल्यावरून हात फिरवला.

"तडा नाही," ते म्हणाले.

"कुणाला?" आईनं विचारलं.

तडा मामाच्या टाचेला होता. त्याच टेम्पोतून त्याला कासाला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी हळद आमच्याच ओटल्यावर झाली. मामा खुर्चीत, पाय प्लास्टरमध्ये. हाल्या त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हणाला, "शेठ, या प्लास्टरात थोडी राख घालायला पायजे होती." सगळ्यात मोठ्यानं हसला तो मामाच.

हळदीचं पाणी अंगठ्यांच्या खळग्यांत साचलं. आई ते कितीतरी दिवस घासत होती, पण पिवळेपणा जाईना. पुढे माझ्या मुलांनी त्याच खळग्यांत चिंचोके मांडून खेळ केले.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाबा अजून सकाळी बादली घेऊन ओटल्यावर पाणी मारतात.

"आता कशाला? कधीचा पक्का झालाय," आई म्हणते.

बाबा ऐकत नाहीत. ते मामाच्या पाच बोटांचे खळगे काठोकाठ भरतात आणि बाजूला होतात. चिमण्या पाणी प्यायला यायची वेळ झालेली असते.