शेवटच्या बाकापर्यंत

चौथीच्या वर्गात तिला सगळे गुळणी म्हणत. कायम मिठाची गुळणी धरल्यासारखी बसायची, म्हणून. हजेरीत नाव आलं तरी ‘हजर’ म्हणायची नाही, नुसता हात वर करायची.

"घरी पोपटासारखी बोलते हो बाई," तिची आई सांगायची. "उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप."

बाईंनी ते कुलूप उघडायचं मनावर घेतलं. त्या शाळेत नव्या होत्या, अजून कायम व्हायच्या होत्या. अशा माणसाला उत्साह जरा जास्तच असतो. वर्गाच्या नाटकात त्यांनी गुळणीला आधी पडद्यामागून कुत्र्याचं भुंकणं दिलं. भुंकायला शब्द लागत नाहीत. पोरगी अशी भुंकली की शिपाईमामा काठी घेऊन धावत आले. मग तिला पहारेकरी केलं. वाक्य एकच: ‘थांबा! कोण आहे तिकडे?’

"आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला पाहिजे," बाई रोज बजावायच्या. "आणि जे आहे ते बोलायचं. घाबरायचं कशाला?"

नाटकाच्या दिवशी आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी हजेरीत ‘हजर, बाई!’ ऐकू आलं, तेव्हा बाईंचे डोळे भरून आले.

मग प्रकल्पांचं प्रदर्शन ठरलं. गुळणीच्या गटाने पुठ्ठ्याचा पूल केला. तो मधोमध खचला होता. टेकूला पोरांनी काड्यापेट्या लावल्या होत्या. मुख्याध्यापिकांनी नाक मुरडलं. "मोठे साहेब येणार आहेत. हे धूड मांडणार? तुमचं कायम होणं त्यांच्याच हातात आहे, एवढं लक्षात ठेवा."

बाईंनी पूल दुरुस्तीला घरी नेला, पण तो तसाच परत आणून कपाटामागे ठेवला आणि टेबलावर मांडला स्वतः केलेला नवा. सरळ, रंगवलेला, कमानींचा. माहिती सांगायला अर्थातच गुळणी उभी राहिली. तिने पुलाची माहिती घडाघडा सांगितली. साहेब खूश झाले.

"वा! कुणी केला गं एवढा सुंदर पूल?"

"बाईंनी," गुळणी खणखणीत म्हणाली. "आमचा वाकडा होता. तो कपाटामागे ठेवलाय. दाखवू?"

आवाज दारातल्या पालकांपर्यंत गेला. कुणीतरी फिस्सकन हसलं. मुख्याध्यापिका बाईंकडे बघत राहिल्या. साहेबांच्या भुवया वर गेल्या.

बाईंनी गुळणीच्या खांद्यावर हात ठेवला. हलकेच, पण दाबून.

"बुजरी आहे हो, साहेब. घाबरली की असं काहीबाही बोलते."

"असू दे, असू दे," साहेब हसले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. वेळ निभावली.

गुळणीने मान वर करून बाईंकडे पाहिलं. ती रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर भीतीही नव्हती. खरं तर वर्षभरात आजच्याइतकी बेधडक ती कधी बोलली नव्हती, आणि हे बाईंइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

पुढे एका सकाळी बाई कायम झाल्याचं पत्र आलं. मुख्याध्यापिकांनी पेढ्याचा आग्रह धरला नाही, फक्त म्हणाल्या, "त्या दिवशी छान सावरलंत."

त्याच सकाळी हजेरी घेताना बाईंनी गुळणीचं नाव पुकारलं. उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं, जरा मोठ्याने.

तिसऱ्या बाकावरून एक हात वर झाला.