तांब्याच्या बेटावरची चिमणी

वैष्णवीचं जग पुन्हा एकदा जळून खाक झालं, आणि तेही चहा यायच्या आत.

"झालं का वो हे बी?" रुपाबाईनं विचारलं. जग जाळण्यात तिचाही हात होता, पण आवाज असा की जणू शेजारच्या गावची बातमी ऐकतेय.

"झालं, काकू," वैष्णवी म्हणाली. तिनं पोत्यावरचे तुरीचे दाणे गोळा केले, जुन्या लग्नपत्रिका कापून केलेले पत्ते पुन्हा पिसले आणि चौघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहिलं. ही माणसं दिसायला इतकी साधी, आणि आपलं जग दर वेळी पहिल्या फेरीतच कसं काय जाळतात, हे तिला काही केल्या कळेना.

इंझोरीच्या शिवारात, कडुलिंबाखाली, खताचं रिकामं पोतं अंथरून हा डाव चालला होता. चौघांना दुसरं काम नव्हतं. चार विहिरींच्या मोटरींना वीज देणारी डीपी मागच्या पंधरवड्यात जळली होती. नवी कालच बसली आणि आज तिच्यात लाईन सोडणार, असा लाईनमनचा निरोप होता. गहू निसवायला लागला होता, ओंब्या डोकावत होत्या, आणि जमिनीला भेगा पडत होत्या. ही डीपी पण गेली तर गव्हाचं नाव घ्यायला नको, हे चौघांनाही ठाऊक होतं, म्हणून सकाळपासून ते तिच्या नजरेच्या टप्प्यात बसून होते, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसे.

जुनी डीपी कशानं जळली? लाईनमननं वर पाहिलं, मग चौघांकडे पाहिलं आणि एकच शब्द बोलला, "ऑटो." ऑटो म्हणजे स्टार्टरला जोडायची एक लहानशी डबी. लाईन आली की ती मोटर आपोआप चालू करते, मालक घरी घोरत असला तरी. एकट्यानं लावली तर मोठी सोय. सगळ्यांनी लावली तर सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात आणि डीपीचा जीव जातो.

तेव्हा वैष्णवीच्या वडलांनी, इंद्रभाननं, पुढाकार घेतला. चौघांत तेच वयानं मोठे. त्यांनी डीपीच्या खांबाला हात लावून शब्द दिला की माझ्या स्टार्टरच्या पेटीत ऑटो नाही, लावणारही नाही. आणि मग गफ्फारभाई, दौलतसिंग, रुपाबाई, तिघांकडूनही तसाच शब्द घेतला. खांबात वीज नव्हती म्हणून ही शपथ जमली, ही गोष्ट वेगळी. वैष्णवीला मात्र त्या दिवशी बापाचा मोठा अभिमान वाटला होता. मैत्रिणींना फोन करकरून तिनं ते सांगितलं होतं.

आता तिच्या जगाबद्दल. वाशीमला कॉम्प्युटरची पदवी घेतल्यावर वैष्णवीनं नोकऱ्यांचे अर्ज केले, तसे सगळेच करतात, पण मन लागलं ते खेळ रचण्यात. पुण्याच्या खेळ बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीला तिचं तांब्याचं बेट आवडलं. या बेटावर पाऊस पडत नाही. मधोमध एक मूळखांब आहे, त्यातून तांब्याच्या वेलींवाटे 'झण' नावाची शक्ती वाहते. झण कधी येईल याचा नेम नाही. ती आली की जादूगारानं आपल्या पेटीपाशी उभं राहून तोंडानं मंत्र म्हणायचा, की त्याच्या अंगणात धुकं उतरतं आणि एक थेंब पाणी मिळतं. पण एकाचा मंत्र संपल्याशिवाय दुसऱ्याला सुरू करता येत नाही. नाहीतर पेटीत पितळेची चिमणी बसवायची. झण आली रे आली की चिमणी स्वतःच मंत्र गाते आणि तीन थेंब देते. खांबाला दोन चिमण्या झेपतात. तीन गायल्या की खांब जळतो आणि बेट संपतं. पोत्यावर एक थेंब म्हणजे तुरीचा एक दाणा, आणि मंत्र की चिमणी ते प्रत्येकानं पत्ता पालथा ठेवून ठरवायचं.

कंपनीतल्या मॅडमनी तीनच प्रश्न विचारले होते. जादू येते कुठून? तिच्यानं काय होत नाही? आणि तिची किंमत कोण मोजतं? पहिल्या दोहोंची उत्तरं वैष्णवीकडे होती. तिसऱ्यावर गाडं अडलं होतं. खरी माणसं बसवून खेळून बघ, निदान तासभर बेट टिकलं पाहिजे, आणि आज संध्याकाळपर्यंत कळव, असं मॅडम म्हणाल्या होत्या. टिकलं तर काम तिचं.

आणि बेट तर चहासाठीही थांबत नव्हतं.

"काकू, खरं सांगा," वैष्णवीनं विचारलं, "तुमी चिमणी काहून लावली?"

"आता तूच सांग. हे तिघं लावतीन अन् मी तेवढी मंत्र म्हनत बसीन, तं येडी कोन ठरन?"

"मले नव्हती लावाची," गफ्फारभाई म्हणाले. गावात त्यांचं किराण्याचं दुकान, पण जीव शेतात. "पन दौलतसिंगचं तोंड पाह्यलं अन् लावून देल्ली."

"माह्या तोंडाले काय झालं बे?" दौलतसिंग उसळला. मग पोत्याकडे पाहून एकदम हसायला लागला. "अवो, हे तं आपली डीपीच होय! खांब म्हंजे डीपी, चिमणी म्हंजे ऑटो. पोट्टीनं आपल्यालेच बेटावर नेऊन बसवलं."

वैष्णवी चाट पडली. दोन महिने ती या बेटावर राबत होती, आणि हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. शिकली-सवरलेली पोरगी, पण आपल्याच शिवारातली डीपी दिसायला तिला समुद्र ओलांडावा लागला.

"पन आपल्यात कोनाचा ऑटो नाही," इंद्रभान घाईनं म्हणाले.

"नाहीच ना," बाकीचे तिघे म्हणाले.

मग वैष्णवीनं किंमत वाढवून पाहिली. चिमणी लावली की जादूगाराचा एक दात पडेल. चौघांनी दात दिले. आयुष्याचं एक वर्ष जाईल. "एका वर्षानं काय होते? लिहून घे," रुपाबाई म्हणाली. एका जिवलग माणसाचं नाव कायमचं विसरेल. "बायकोचं लिहू का?" असं दौलतसिंगनं विचारलं आणि सगळे पोट धरधरून हसले. दात गेले, वर्षं गेली, बायका गेल्या, आणि बेट दर वेळी जळलं.

वैष्णवीला राग यायला हवा होता. पण तिला भारी मजा वाटत होती. माणसं आयुष्य द्यायला तयार होतात आणि थांबायला तयार होत नाहीत, हे काय गौडबंगाल आहे?

"आता असं करा," ती म्हणाली. "पत्ता ठेवाच्या आधी एकमेकाले शब्द द्या."

"हे चांगलं हाये," इंद्रभान म्हणाले. त्यांनी पोत्यावर हात ठेवला. "मी चिमणी लावत नाही. शब्द." बाकीच्यांनीही हात ठेवले, शब्द दिले. पत्ते पालथे पडले. वैष्णवीनं एकेक उलटला. रुपाबाईची चिमणी. गफ्फारभाईची चिमणी. दौलतसिंगची चिमणी. बापाचा पत्ता तिनं मुद्दाम शेवटी ठेवला होता.

चिमणी.

दौलतसिंगला हसू आवरेना. गफ्फारभाईंनी मांडीवर थाप मारली. रुपाबाई पदरानं डोळे पुसत होती, आणि पुसता पुसता तिची नजर वर, नव्या डीपीकडे गेली. ती हसायची थांबली. मग एकेक करून सगळेच थांबले. गफ्फारभाईंना उगाच खोकला आला. इंद्रभान तुरीचे दाणे रांगेत लावू लागले.

बाबा, तुमी बी? असं वैष्णवीच्या मनात आलं, आणि तिचीही नजर डीपीकडे गेली. तिला फार वाईट वाटलं. पण त्या वाईट वाटण्याच्या खालून एक प्रश्न डोकं वर काढत होता. बाबा शब्द देताना खोटं बोलत नव्हते. तिनं त्यांचं तोंड पाहिलं होतं, ते खरं होतं. मग शब्द देणं आणि पत्ता ठेवणं, या दोहोंच्या मध्ये काय झालं?

तिनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. पत्ता ठेवायच्या क्षणी चिमणी त्यांच्याच हातात होती. बस, एवढंच झालं होतं.

"अजून एक डाव," ती म्हणाली. "आता ज्याची चिमणी त्याच्याजवळ राहणार नाही. काकू, तुमची गफ्फारचाचापाशी द्या. चाचा, तुमची दौलतकाकापाशी. काका, तुमची बाबापाशी. बाबाची काकूपाशी. पाहिजे असन तं मागा. देनं न देनं त्याच्यावर."

आणि डाव रंगला. रुपाबाईनं गफ्फारभाईंना आधी चहा देऊ केला, मग त्यांच्या मुलीच्या लग्नातल्या जेवणाचं कौतुक केलं, शेवटी दम दिला. गफ्फारभाई ढिम्म. "नाही भेटत. तोंडानं म्हन मंत्र." दौलतसिंगनं इंद्रभानना सरळ लाच दाखवली, दहा दाण्यांची. इंद्रभान विरघळत आले होते, पण सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत हे पाहून त्यांनी मूठ मिटली. प्रत्येक जण आपापल्या पाळीनं मंत्र म्हणत होता, एकेक दाणा पुढे सरकत होता. चहा आला, पिऊन झाला, कप उन्हात वाळले. वैष्णवीनं हळूच मोबाईलमध्ये वेळ पाहिली आणि श्वास रोखला. तास केव्हाच उलटून गेला होता.

तेवढ्यात इंद्रभानचा फोन वाजला. लाईनमन होता. लाईन सोडू का, विचारत होता.

इंद्रभाननं डीपीकडे पाहिलं, मग पोत्यावरच्या पत्त्यांकडे. "थांब बाप्पा जरासा," ते फोनवर म्हणाले. "आमचं थोडं काम राह्यलं हाये. झालं का मीच फोन करतो."

ते उठले आणि कुणाकडे न पाहता आपल्या विहिरीकडे गेले. परत आले तेव्हा एका हातात टेस्टर होता आणि दुसऱ्या हातात ऑटो, दोन वायरी लोंबत असलेला. तो त्यांनी चिमणीच्या पत्त्याशेजारी ठेवला. दौलतसिंग चप्पल शोधू लागला. गफ्फारभाई त्याच्या आधी निघालेसुद्धा. रुपाबाई तेवढी जागची हलली नाही. तिनं पिशवीत हात घातला आणि आपला ऑटो काढला.

"सकाळीच काढला होता," ती म्हणाली. "तुमी काय करता ते पाहून लावनार होती."

ते दोघे आपापला ऑटो घेऊन परतले, आणि डावातल्यासारखीच वाटणी झाली. रुपाबाईचा ऑटो गफ्फारभाईंकडे, त्यांचा दौलतसिंगकडे, त्याचा इंद्रभानकडे. इंद्रभानचा मात्र रुपाबाई घेईना.

"तुमचा मी नाही ठेवत, भाऊ. तुमी मोठे मानूस. तुमी मागतला तं मले नाही म्हनता येनार नाही."

खरंच होतं ते. गफ्फारभाईंनी मान हलवली, दौलतसिंगनं पण. इंद्रभाननं ऑटोच्या लोंबत्या वायरी गुंडाळल्या आणि तो वैष्णवीपुढे धरला.

लाईनमनला फोन गेला. लाईन आली. डीपी गुणगुणायला लागली, आणि शिवारात एकही मोटर उठली नाही. अशी शांतता त्या चौघांनी लाईन आल्यावर कधी ऐकली नव्हती. रुपाबाई लगबगीनं आपल्या विहिरीकडे गेली. पाईप खळखळला, पाणी पडलं, आणि तिनं तिथूनच हाळी दिली, "आता तुमची मोटर हाना हो, गफ्फारभाई!" थोड्या वेळानं गफ्फारभाईंची हाळी दौलतसिंगला गेली.

तोंडानं मंत्र म्हणणारे जादूगार वैष्णवीला शेवटी दिसले, धोतर-लुगड्यातले. तिनं मोबाईल काढला, मॅडमना लिहायला घेतलं, 'किंमत तो मोजतो, ज्याच्यापाशी दुसऱ्याची चिमणी...' आणि थांबली.

"वैष्णवी," इंद्रभान म्हणाले. ते दौलतसिंगच्या विहिरीकडे कान लावून उभे होते. "पुढच्या हप्त्यात रातची लाईन हाये. थंडी राहीन, अन् मोटर चालू कराले रातीच इथं या लागन. मी तुले हा मागीन."

"मागसान, बाबा?"

"मागीनच. रागावीन बी. म्हनीन का तुले बापाची काही काळजी हाये का नाही." त्यांनी पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. "देऊ नोको."

दौलतसिंगची हाळी आली. इंद्रभान घाईनं स्टार्टरकडे निघाले. वैष्णवीनं ऑटो ओढणीच्या टोकात बांधला आणि वर आणखी एक गाठ मारली.