सोडून राहिली

जया रामटेके सकाळपासून एका जागी टेकली नव्हती. भिंतीवरचा पडदा पुसून झाला, वायरी ओढून पाहून झाल्या, खिडकीतल्या खुर्चीवर आपला फोन ठेवून झाला, उचलून पुन्हा तिथंच ठेवून झाला. फोन खिडकीतच ठेवावा लागे. आठवी ब च्या वर्गात नेट यायचं ते तिच्या फोनमधून, आणि फोनमध्ये यायचं ते त्या एका खिडकीतून. एका मोठ्या मनाच्या संस्थेनं शाळेला भिंतभर पडदा दिला होता, सहा टॅब दिले होते. हत्ती गेला नि शेपूट राहिलं म्हणतात, तसं नेट द्यायचं तेवढं राहून गेलं होतं.

आणि आज पाहणी समिती यायची होती. आठवी ब चा उपक्रम पाहून जिल्ह्यातल्या बाकीच्या शाळांना तो दाखवायचा की नाही, हे समिती ठरवणार होती. केशव सर, म्हणजे मुख्याध्यापक, पुष्पगुच्छ हातात घेऊन व्हरांड्यात येरझारा घालत होते आणि दर फेरीला वर्गात डोकावून विचारत होते, "मॅडम, चालू आहे ना?"

"चालू आहे सर," जया म्हणायची आणि पुन्हा वायर ओढून पाहायची.

उपक्रम साधा होता. पुण्याच्या एका शाळेतलं एक मूल आणि इथलं, नागपूरचं एक, अशी जोडी. दोघांनी मिळून टॅबवर एक पान लिहायचं, विषय 'आमच्या घरी सध्या'. इथं अक्षर टाकलं की तिथं दिसायचं. पहिल्याच आठवड्यात माया गणवीर या पोरीनं लिहिलं, "मी पोहे खाऊन राहिली." तिची पुण्याची जोडीदार नूपुर. तिनं खाली विचारलं, "पोहे खाऊन कुठे राहिलीस?" मग मायानं 'हाव' लिहिलं, तर नूपुरनं विचारलं, "हाव म्हणजे लोभ ना?"

वर्ग खदाखदा हसला. माया तर सगळ्यात जास्त हसली. तिनं टॅब ओढून उत्तर ठोकलं, "हाव म्हंजे हो. आन् खाऊन राहिली म्हंजे आत्ता तोंडात घास हाय. एवढं बी नाई समजत का वं तुले?" तिथून दोघींची अशी गट्टी जमली की इतर जोड्यांनी हेवा करावा.

हसली नाही ती फक्त जया. तिला ते झोंबलं. बी.एड.ला ती पुण्याला होती. वसतिगृहाच्या मेसमध्ये पहिल्या दिवशी "मले पाणी देता का" म्हणाली, आणि पुढं वर्षभर पोरी तिला 'मले' म्हणूनच हाक मारत राहिल्या. तेव्हापासून तिनं जिभेला जी शिस्त लावली, ती लावलीच. घरी आई 'मले-तुले' करायची, जया 'मला-तुला' करायची, आणि दोघी एकमेकींना नीट समजून घ्यायच्या. पण आपल्या पोरांना कोणी हसलेलं तिला चालणार नव्हतं.

म्हणून परवा, गुरुवारी, समितीचा निरोप आला तेव्हा तिनं बटण दाबलं. टॅबच्या त्या लिहिण्याच्या सोयीत एक बटण होतं, 'भाषा शुद्ध करा'. लाल पेनानं वह्या तपासताना जया ओळ न् ओळ वाचायची, अनुस्वारसुद्धा सोडायची नाही. बटणाला एवढी उसाभर लागत नाही. सगळी पानं निवडली, दाबलं, झालं. 'मले'चं 'मला' झालं, 'काहून'चं 'का' झालं. वरचं पान तिनं पाहिलं, प्रशिकचं. "आमच्या कूलरची मोटर जळून राहिली" होतं, तिथं "आमच्या कूलरची मोटर जळली" झालं होतं. कसं पुस्तकासारखं! तिला बरं वाटलं आणि तिनं टॅब मिटला.

आता पडद्यावर एकेक पान लावून पाहताना मायाचं पान आलं. माया काल आली नव्हती, आजही नव्हती. पानाच्या शेवटी एक ओळ होती.

"मी शाळा सोडली."

खाली नूपुरची अक्षरं. "म्हणजे? कधी? का गं? माया, उत्तर दे ना."

त्याखाली पान कोरं होतं.

जयाला राग आला. सोडली? न सांगता, न विचारता? परीक्षा तोंडावर असताना? वर्गात सगळ्यात आधी हात वर करणारी पोरगी, आणि निरोप असा की जणू बस सुटली. तिनं मायाच्या वडिलांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

शेजारच्या वर्गाच्या नंदिनी मॅडम मदतीला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वडलांना बुटीबोरीच्या कारखान्यात काम लागलं असं ऐकलं होतं. गेले असतील सगळे. मार्चमध्ये दोनचार गळतातच गं. आज नको जीव जाळून घेऊ."

जयानं मान हलवली आणि पुढचं पान लावलं. पण मन मागच्याच पानावर अडून बसलं. चार शब्दांत सांगायची गोष्ट चाळीस शब्दांत सांगणारी माया, ती अशी तुटक कशी लिहील? जया मागं गेली. पानाची आधीची रूपं दाखवणारी एक खिडकी त्यात होती, कोणी काय बदललं ते नावासकट सांगणारी. तिनं ती उघडली.

आधी होतं: "मी शाळा सोडून राहिली."

नंतर झालं: "मी शाळा सोडली."

बदल करणाऱ्याचं नाव: जया मॅडम.

तिनं ते नाव पुन्हा वाचलं. सोडली म्हणजे संपलं. सोडून राहिली म्हणजे अजून सुटलेली नाही, एक हात अजून दाराच्या कडीवर आहे, कोणी ओढलं तर आत येईल. पोरीनं सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहून ठेवलं होतं, की थांबवा मला. आणि मॅडमनं काय केलं? व्याकरण सुधारलं.

तिनं खिडकीतला फोन उचलला, पर्स घेतली आणि निघाली. पडद्यावरचं पान गोठलं, मधोमध एक गोल फिरायला लागला.

"मॅडम, नेट घेऊन कुठी चालल्या?" मागून प्रशिक ओरडला.

दारात केशव सर पुष्पगुच्छासकट आडवे आले. "मॅडम! समिती इंदोरा चौकात पोचली!"

"सर, माया शाळा सोडून राहिली."

सर मूळचे रामटेकचे. त्यांना वाक्य बरोबर समजलं. त्यांनी एकदा पडद्यावरच्या गोलाकडं पाहिलं, एकदा जयाकडं, आणि बाजूला झाले. "जा," म्हणाले, "मी त्यांना लिंबूपाणी पाजतो."

कामठी रोडवर ऊन नुसतं भाजत होतं. ओढणी तोंडाला गुंडाळायचंही तिला सुचलं नाही. मेट्रोच्या खांबाखांबांमधून स्कूटर काढताना तिचे डोळे प्रत्येक छोट्या हत्तीवर जात होते, सामानानं लादलेल्या त्या चिमुकल्या टेम्पोंवर. एकावर पलंग आणि सिलिंडर दिसला. पाठलाग करून ती पुढं गेली, तर आत एक म्हातारे गृहस्थ केरसुणी धरून बसलेले. सिग्नल लागला. सिग्नल सुटेना. तिनं उभ्या उभ्या पुन्हा फोन लावला, पुन्हा वाजून वाजून थांबला. आपण गुरुवारीच वाचलं असतं तर, हा एकच विचार डासासारखा कानाशी गुणगुणत होता आणि हाकलून जात नव्हता.

ऑटोमोटिव्ह चौकाच्या पुढं, डावीकडच्या गल्लीत छोटा हत्ती उभा होता. अजून उभा होता. मायाचे वडील नागसेन वर चढून कूलरला दोरी आवळत होते. आई रीना भांड्यांचं पोतं धरून होती. नागसेनच्या थोरल्या बहिणीचं, अंजनाबाईचं घर लागूनच होतं. ती आपल्या ओट्यावर तोंड फुगवून बसली होती. आणि माया कडेवर धाकट्या भावाला घेऊन भिंतीला टेकून उभी होती.

जयाला पाहून कोणाला आनंद झाला असं दिसलं नाही.

"या मॅडम," नागसेन खाली उतरत म्हणाले. "फोन त्या डब्यात बांधल्या गेला. तुमाले भेटून जाणार होतो, पन तुमाले तं ठाऊकच होतं."

"मला काय ठाऊक होतं?"

"पोरीनं शाळा सोडली ते." ते चाचरले. "मी तिले इचारलं होतं. म्हनलं, तिकडं तुह्या मायलेबी काम भेटून राहिलं, लहान्याले कोन पाहीन? एक साल घरी बसशीन का? ती काईच बोलली नाई. मंग गुरुवारी फोनवर तिचं पान पायलं मी. रोज पायतो. तिनं सोताच लिवलं होतं, सोडली म्हून. म्हनलं, पोरगी समजदार हाय, ठरवून टाकलं तिनं. अन् खाली तुमचं नाव होतं. म्हनलं, मॅडमनंबी पायलं."

जया मायाकडं वळली. आणि बारा वर्षं शिस्तीत ठेवलेली जीभ त्या गल्लीत साफ सुटली.

"काहून नाई सांगितलं वं मले? तोंडानं काहून नाई सांगितलं?"

माया चमकली. मॅडमच्या तोंडून 'मले' तिनं कधी ऐकलं नव्हतं. भाऊ कडेवर सावरत ती म्हणाली, "सांगितलं होतं ना. लिवलं होतं. तुमी वाचसान म्हून वाट पाहून राहिली होती. मंग दुपारी पायलं तं तुमी ते दुरुस्त केलं होतं. सोडली केलं होतं." तिनं भावाला घट्ट धरलं. "मले वाटलं, तुमाले मंजूर हाय."

जयाला वाटलं, भर गल्लीत कोणीतरी आपल्याला थोबाडीत मारावी, म्हणजे निदान बरं वाटेल. मारायला कोणी नव्हतं. मग ती सरळ बोलली, आईबापासमोर, शेजाऱ्यांसमोर, टेम्पोवाल्यासमोर.

"मी वाचलं नाही. न वाचता बटण दाबलं आणि तुझं वाक्य बदललं. चूक तुझी नव्हती, माझी होती. तू लिहिलं होतंस सोडून राहिली." आणि नागसेनकडं वळून म्हणाली, "भाऊ, पोरीनं ठरवलं नव्हतं. ती वाट पाहत होती, कोणीतरी नाही म्हणेल म्हणून."

नागसेन दोरीचं टोक हातात घेऊन उभे राहिले. ते टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "सांग बेटा," शेवटी म्हणाले, "आता तोंडानं सांग."

मायानं आईकडं पाहिलं. रीनानं पोतं खाली ठेवलं आणि पुढं होऊन लहान्याला आपल्या कडेवर घेतलं. माया मोकळ्या हातांनी उभी राहिली.

"मले नाई सोडायची शाळा," ती म्हणाली. आणि एकदा तोंड उघडल्यावर ती मायाच होती, चाळीस शब्दांची. "मी लहान्याले सुट्टीत पाहीन, दिवाळीत पाहीन, रविवारी येईन, पन आठवीचा पेपर हाय, अन् नूपुरसंग आमचं पान अर्धं राहिलं, अन् मले इथंच राहायचं हाय."

"मी तं महिनाभर बोंबलून राहिली," ओट्यावरून अंजनाबाई कडाडली. "म्हनलं पोरगी माह्याकडं राहू दे, दोन घास जास्त शिजवीन. ऐकून कोन घेते? भावाले वाटते, बहिनीवर बोजा पडन. पडू दे ना बाप्पा! पाठ माही हाय का तुही?"

"अन् लहान्याचं?" नागसेन हळूच म्हणाले. ते बायकोला विचारत होते.

"अंगणवाडी हाय तिकडं," रीना म्हणाली. "सकाळच्या पाळीत मी जाईन, दुपारच्या पाळीत तुमी जा. आपन दोघं पाहू. आपलं लेकरू हाय, तिचं नाई."

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. नागसेन पुन्हा वर चढले, कूलरची आवळलेली दोरी सोडली आणि खालून मायाचं दप्तर ओढून काढलं. ते बिचारं सगळ्यांत आधी भरलेलं होतं, सगळ्यांत खाली. मग तिचं अंथरूण. अंजनाबाईनं दोन्ही वस्तू त्यांच्या हातातून हिसकावून घेतल्या आणि घरात नेऊन टाकल्या, विचार पुन्हा फिरायच्या आत.

जया शाळेत परतली तेव्हा समिती जाऊन चुकली होती. फिरणारा गोल पाहून, लिंबूपाणी पिऊन त्यांनी 'पूर्वतयारीचा अभाव' असा शेरा मारला होता. केशव सरांनी तो तिला वाचून दाखवला आणि पुष्पगुच्छ तिच्या टेबलावर ठेवला. "उरला होता," म्हणाले.

सोमवारी माया पहिल्या बाकावर होती. जयानं सगळ्या पानांवरची पोरांची जुनी वाक्यं परत आणली होती. प्रशिकची मोटर पुन्हा जळून राहिली होती. हे करताना तिनं ओळ न् ओळ वाचली, आणि आणखी कोणी काही सोडून राहिलंय का, म्हणून डोळ्यांत तेल घालून पाहिलं. अजूनही तिला चैन नव्हतं. आता ते पडेल असंही तिला वाटत नव्हतं.

मायानं टॅब पुढं ओढला. पडद्यावर एकेक अक्षर उमटत गेलं.

"मी नागपूरले आत्याच्या घरी राहून राहिली."

ओळीखाली तेच बटण पुन्हा डोकावलं, 'भाषा शुद्ध करा'. जयानं खडू खाली ठेवला, पडद्यापाशी गेली आणि ते बंद केलं. तेवढ्यात पुण्याहून अक्षरं आली.

"राहून राहिली? म्हणजे दोनदा राहिलीस?"

मायानं क्षणभर विचार केला. मग लिहिलं, "हाव."