मालकांच्या उजव्या पायाचा फर्मा

मी एक जुना लाकडी फर्मा आहे. हाताने बूट शिवायचा असेल, तर आधी पायाच्या आकाराचा एक ठोकळा लागतो. त्याच्यावर कातडं ताणून बसवतात. तो ठोकळा म्हणजे मी. मित्रांनो, मी उजवा. डावा माझा भाऊ. तो माझ्या शेजारीच टांगलेला असतो आणि स्वभावाने शांत आहे. मी तसा नाही. मला अजून राग येतो, आणि तो नेमका कुणावर काढावा हे कळत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

त्या मंगळवारी मालकांनी नेहमीच्या वेळेला दुकान उघडलं. झाडून घेतलं. आरी आणि रापी, म्हणजे कातडं टोचायचं आणि कापायचं हत्यार, पुसून जागेवर ठेवलं. शेजारच्या दुकानातले चष्मेवाले काका रोजच्यासारखे चहाचे दोन कप घेऊन आले. तेवढ्यात मालक एकाहत्तराव्या वर्षी स्टुलावर चढले, सगळ्यात वरच्या खुंटीवरून आम्हा दोघांना काढलं आणि जोरात फुंकर मारली. धूळ थेट काकांच्या चहात.

"अरे हळू! कुणाचं माप आहे एवढं?" काका म्हणाले.

"माझं."

"तुझं? तू स्वतःसाठी बूट शिवणार? मग उद्या सूर्य कुठून उगवणार तेही सांग, म्हणजे माझी पाटी तिकडे फिरवून घेतो."

मालक हसले. त्यांनी टेबलाखालून कागदात गुंडाळलेलं कातडं काढलं. चॉकलेटी रंगाचं, पातळ, बोटाने दाबलं तर बोटाचं ऐकणारं. पन्नास वर्षांत माझ्या अंगावर असलं कातडं कधी आलं नव्हतं.

"केवढ्याला?" काकांनी विचारलं.

"विचारू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस न करता घेतलंय."

मला वाटलं, आला आपला दिवस. तो दिवस दुपारी बिघडला. पण का बिघडला हे कळण्यासाठी माझी मागची हकीकत सांगायला हवी.

माझा जन्म झाला तेव्हा मालक बावीस वर्षांचे होते आणि दुसऱ्याच्या कारखान्यात बूट शिवत होते. एका सुताराने त्यांच्या पायाचं माप घेऊन कठीण लाकडातून आम्हाला कोरलं आणि आमच्या टाचेवर आठ हा आकडा खोदला. तीन महिन्यांचा पगार साठवून मालकांनी आमच्यावर पहिला जोड शिवला. टोकदार, उंच टाचेचा, तोंड दिसेल इतका चकचकीत. तो त्यांना चावायचा. पण त्या वयात चावण्याचं कुणाला काय! त्याच बुटांत ते मालकीणबाईंना पहिल्यांदा भेटायला गेले. परत येताना गल्लीचं वळण ओलांडलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि बूट हातात घेऊन घरापर्यंत अनवाणी आले.

मग लग्न झालं, स्वतःचं दुकान झालं, मुलगी झाली. आणि आम्ही वरच्या खुंटीवर गेलो.

मित्रांनो, खुंटीवरून सगळं दिसतं आणि करता काही येत नाही. मुलीसाठी मालक दरवर्षी नवा फर्मा कोरून घ्यायचे, कारण तिचा पाय वाढत होता. शाळेचे काळे बूट, खेळाचे पांढरे, समारंभाचे लाल. तिची पुस्तकं, तिचा चष्मा, तिची शिकवणी, पुढे तिचं दुसऱ्या गावातलं कॉलेज. स्वतःच्या बुटांना मात्र तळाखाली तळ लावत राहिले. मालकीणबाई म्हणायच्या, "अहो, निदान एक जोड करा की! बूट शिवणाऱ्याच्या पायांत हे काय?" मालक म्हणायचे, "पुढच्या वर्षी."

त्यांचं ते पुढचं वर्ष चोवीस वर्षं आलं नाही. पुढे मालकीणबाई गेल्या, आणि विचारणारंही कुणी उरलं नाही.

माझी चिडचिड व्हायची. असला कसला कारागीर! दिवसभर लोकांच्या पायांशी बसायचं आणि स्वतःचा पाय विसरायचा. गिऱ्हाइकांच्या बाबतीत मात्र त्यांचं डोकं भारी चालायचं. एकदा काकांना सांगत होते, "काय विचारलं त्यावरून मी वय ओळखतो. पोरगा आला की विचारतो, दिसतो कसा? पोरंबाळंवाला विचारतो, टिकेल किती? आणि केस पिकले की माणूस खाली बसता बसता विचारतो, टोचणार नाही ना? खिसा तोच, पाय तोच, पण पैसा कशासाठी सुटतो ते बदलत जातं."

"आणि तू काय विचारतोस?"

"मी कुठे गिऱ्हाईक आहे!"

पन्नाशीनंतर त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलं. पाय पसरले, संध्याकाळी सुजायला लागले. तेव्हा एका दुपारी त्यांनी मला खाली काढलं, पायाशी लावून पाहिलं आणि माझ्या बाजूला कातड्याचं एक ठिगळ चिकटवलं. फर्मा असाच वाढवतात, मित्रांनो. त्या वर्षी त्यांनी उरल्यासुरल्या तुकड्यांतून एक जोड शिवला. तो शेवटपर्यंत पुरवला. हाड आणखी वाढलं तेव्हा रापीने बुटालाच बाजूने चीर दिली. बूट पुन्हा शिवला नाही, पण दर दोन-तीन वर्षांनी मला खाली काढून नवं ठिगळ मात्र चिकटवायचे. माप तयार ठेवायचं आणि बूट करायचा नाही, याला काय म्हणावं? माझ्या अंगावर अशी सात ठिगळं आहेत.

आता मुलीबद्दल सांगतो. ती मोठी झाली, चांगल्या नोकरीला लागली, याच गावात राहायला आली, तिलाही मुलगी झाली. मालकांवर तिचा जीव होता. सत्तराव्या वाढदिवसाला त्यांना चकित करायचं असं तिने ठरवलं. मालक जेवायला गेले असताना ती दुकानात आली, स्टुलावर चढली, मला उलटं केलं आणि टाचेवरचा आकडा वाचला. आठ.

मी आतल्या आत ओरडत होतो. बाई, आकड्यावर जाऊ नकोस! जरा बोट फिरव, बाजूला ठिगळं आहेत! पण तिचा फोन वाजत होता, ऑफिसात कुणीतरी खोळंबलं होतं. तिने मला खुंटीवर अडकवलं आणि गेली. कुणाही दुसऱ्या माणसाच्या मुलीने बापाला विचारलं असतं, तुमचा नंबर काय? ही बूट शिवणाऱ्याची मुलगी होती. माप कुठे टांगलेलं असतं ते तिला लहानपणापासून माहीत होतं.

बूट महागाचे होते. निळे, पट्ट्यांचे, धावायचे. मालकांनी ते तिच्यासमोर घातले, दुकानात दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "झकास!" ती गेल्यावर काकांनी ते ओढून काढले. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं.

"सांग तिला," काका म्हणाले.

"काय सांगू? पोरीने हौसेने आणलेत. आणि तू तोंड उघडलंस तर याद राख. शपथ आहे माझी."

बूट खोक्यात गेले. मुलगी दर खेपेला मालकांच्या पायांकडे न बघता विचारायची, "घालता ना?" मालक पाय स्टुलाखाली ओढून म्हणायचे, "घालतो की." एकदा तिला खोकं सापडलं, बुटांचे तळ कोरे. तिने झाकण परत लावलं, पण ते तिच्या मनात राहिलं.

आणि आला तो मंगळवार. दुपारी दीडला ती डबा घेऊन आली. टेबलावर आम्ही दोघे आणि ते चॉकलेटी कातडं.

"हे कुणाचं?"

"माझं. स्वतःसाठी आणलंय, बबडे. बघ तरी हात लावून, कसं आहे."

तिने हात लावला नाही. किंमत विचारली. मालकांनी सांगितली. पोरासारखे सांगून बसले.

"बाबा! काही ताळतंत्र आहे का? मी आणलेले बूट वर्षभर खोक्यात पडलेत. त्यांना पाय लावला नाहीत, आणि आता हे? इकडे घराचे हप्ते, लेकीचं होस्टेल, माझ्या नाकी नऊ आलेत. मी दोन वर्षं स्वतःला साधी चप्पल घेतली नाही."

"घ्यावी गं," मालक हळूच म्हणाले. "पुढच्या वर्षीवर टाकू नये."

"विषय बदलू नका. टिकतील तरी किती हे?"

"दहा वर्षं बघायला नको."

"आणि तुम्ही घालणार किती वर्षं?"

वाक्य तोंडातून निघालं आणि तिने जीभ चावली. पण निघालेलं वाक्य, मित्रांनो, कातड्यासारखं पुन्हा गुंडाळून ठेवता येत नाही. गुंडाळलं ते मालकांनी कातडंच. कागदाच्या घड्या होत्या तशाच घातल्या.

"तेही खरंच," ते म्हणाले. "जेवलीस का तू?"

"मला उशीर होतोय."

ती गेली. दाराशी क्षणभर थांबली, पाठमोरीच, मग गेली. मी वाट पाहत होतो, आता तरी मालक चिडतील. टेबलावर हात आपटतील, कातडं पुन्हा उलगडतील, माझ्या अंगावर पहिला बारीक खिळा ठोकतील. त्यांनी डबा खाल्ला. तीन वाजता कातडं व्यापाऱ्याला परत करून आले आणि आम्हाला खुंटीवर चढवलं.

काका तावातावाने म्हणाले, "मूर्ख आहेस तू! तिला पाय दाखवला असतास तर?"

"तिचं काही चुकलं नाही रे. तिच्या वयात मीही हेच विचारायचो, किती टिकेल. ती अजून तिथेच आहे. येईल पुढे."

बुधवारी दुकान उघडलं नाही. मालक झोपेतच गेले होते.

तीन आठवड्यांनी मुलगी दुकान रिकामं करायला आली. एका माणसाला आपल्या नव्या हॉटेलच्या भिंतीवर शोभेला जुने फर्मे लावायचे होते. तो पोतं घेऊन आला होता. काका एकेक फर्मा खाली देत होते, ती मोजून पोत्यात टाकत होती. बँकेतल्या साहेबांचा फर्मा गेला, नाचाच्या बाईंचा गेला, तिच्या लहानपणीचे इवलेसे फर्मे तिने न बघताच बाजूला ठेवले. मग मी तिच्या हातात आलो.

तिचा अंगठा माझ्या कडेवर अडला. तिने मला खिडकीशी नेलं. एक ठिगळ, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. सातही मोजली.

"काका, हे काय आहे?"

"त्याचा पाय."

"पण आकडा तर आठ आहे."

"आकडा बावीस वर्षांच्या पोराचा आहे, बाई. पाय म्हाताऱ्याचा होता."

तिने ठिगळांवरून पुन्हा बोट फिरवलं. मग विचारलं, "ते निळे बूट त्यांना होत नव्हते?"

काकांनी शपथ पाळली. चष्मा काढून पुसत बसले. पण तिला कळायचं ते कळलं.

"हे दोन पण देताय ना?" पोतंवाल्याने विचारलं. "जरा ओबडधोबड आहेत, पण चालतील."

"नाही," ती म्हणाली.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आमच्यासारख्या वस्तू म्हणतात, आमची काळजी घ्या, आम्हाला टाकू नका. मला तसं काही मागायचं नाही. मी लाकूड आहे, भिंतीवरही राहीन आणि पेटीतही राहीन. मागणं दुसरंच आहे. मूल वाढत असतं तेव्हा सगळे त्याचं माप घेतात, दाराच्या चौकटीवर रेघा मारतात. वाढ थांबली की कुणी माप घेत नाही. तुम्ही घ्या. आईचं घ्या, बाबांचं घ्या, आजीआजोबांचं तर घ्याच. ते म्हणतील, आता काय करायचंय. तरी घ्या. आणि त्यांनी कधी स्वतःसाठी काही मऊ आणलं, तर किंमत विचारण्याआधी त्याला हात लावून बघा.

पोतंवाला गेला. काका त्याला वाट दाखवायला बाहेर गेले. रिकाम्या दुकानात ती मालकांच्या स्टुलावर बसली. आम्ही दोघे तिच्या मांडीवर. तिने डोळे पुसले नाहीत, आवाजही चढवला नाही. समोर कुणी बसलं असावं तशी ती बोलली.

"बाबा, पैशांचं नव्हतं ते. उठताना तुम्ही टेबल धरायला लागला होतात. मला दिसत होतं. मी दरवेळी दुसरीकडे बघायचे. तुम्ही म्हातारे झालात हे एकदा मान्य केलं असतं, तर पुढचंही मान्य करावं लागलं असतं. मला ते नको होतं, बाबा. मला तुम्ही हवे होतात."